कीलिकै

गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर माझी पेटी.
वर छत्री, खाली कानस, आणि तारेत ओवलेल्या
चारशे कोऱ्या किल्ल्या, अजून दात न फुटलेल्या.
पाटी दोन भाषांत:
मराठीत किल्ली, कन्नडमध्ये कीलिकै.
कै म्हणजे हात.
बत्तीस वर्षं ती पाटी मी रोज पुसली,
वाचली मात्र एकदाच.

शनिवारची दुपार. पोरगा आला,
वीस-एकवीसचा, मानेवर घाम.
फडक्यातून साबणाची अर्धी वडी काढली.
तिच्यावर किल्लीचा ठसा, नीट, दात न् दात.
"काकांची गाडी हाय. किल्ली हरवली."

हरवलेल्या किल्लीचा ठसा कुठून आला?
प्रश्न जिभेवर होता,
पानाबरोबर गालात सरकवला.
सकाळपासून बोहणी नव्हती.
ऐंशी म्हणालो, साठ दिले.
कानस चालली. दात पडले.
वडी तो इथेच विसरला.

मंगळवारी भरमू आला, कडोलीचा, दूधवाला.
"डेअरीसमोर लावलो, क्यान आत दिलो,
वळून बघतो तर गाडी नाही!
हँडल लॉक केलो होतो की मामा.
किल्ली ही बघ, माझ्याच खिशात."
त्याने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.
दात मी ओळखले,
पोराचं अक्षर बापानं ओळखावं तसे.
आणि तोंडातून निघालं काय, तर
"पुढच्या गाडीला साखळी घे, जाड."
विकलीही. दोनशे वीस.

गाडी चोर्ल्याच्या घाटात सापडली,
वळणावर, कठड्याला टेकलेली,
म्हशीनं अंग घासत उभं राहावं तशी.
पोरगा वीस फुटांवर.
पंचनामा कन्नडमध्ये, खाली भरमूची सही मराठीत.
भरमूने फोनवर फोटो दाखवला.
किल्ली अजून गाडीतच, माझी, नवं पितळ.
आणि बाजूच्या कडीला हेल्मेट.
त्याला वेगळं कुलूप, चिमुकलं, पस्तीस रुपयांचं,
माझ्याच पेटीतून नेलेलं,
कारण आधीचं हेल्मेट रविवार पेठेत कुणी उचललं होतं.

गाडीची किल्ली पोराकडे होती.
हेल्मेटची नव्हती.
पन्नास किलोमीटर ते त्याच्या पोटरीला
धडका देत गेलं,
रिकामं.
एक ओरखडा नाही त्याच्यावर.

त्या संध्याकाळी पाटी वाचली.

पोरगा जगला.
आई त्याला बाजारात आणते, मनगटाला धरून.
तो पेटीपाशी थांबतो,
तारेतल्या किल्ल्या हलवतो, आवाजाला हसतो.
मला ओळखत नाही.
मी ओळखतो, हे आईला ठाऊक नाही.
ती म्हणते, "त्रास देतो हो तुम्हाला."
मी म्हणतो, हलवू दे.

आता मी विचारतो.
गाडी कुणाची, कागद बघू, घरचा नंबर सांग.
गिऱ्हाईक तडकतं, "मामा, तू पोलीस हाईस काय?"
आणि पुढच्या कोपऱ्यावर जातं.
तिथे न विचारता होते किल्ली, पाच मिनिटांत.
वडी अजून गल्ल्यात आहे.
हात कितीही काळे झाले तरी
तिने धुवत नाही.

परवा भरमू आला. गाडी स्टँडवर,
हेल्मेट आरशावर नुसतं अडकवलेलं.
चिमुकलं कुलूप माझ्यापुढे ठेवलं.
"हे घे. हेल्मेटला कुलूप घालणं सोडलो."
चोरीला जाईल की रे, म्हणालो.
"जाऊ दे की. गाडी नेणारा
डोक्यावर घालून तरी नेईल."
तो दुसरीकडे बघत होता. मीही.

कुलूप उघडंच तारेला लावलं.
मग एक बाई आल्या, कपाटाची किल्ली घेऊन,
दुसरी करून द्या म्हणाल्या.
मी विचारलं, कपाट कुणाचं?
"म्हणजे?" त्या म्हणाल्या. "माझं! आणखी कुणाचं?"
बरं, म्हणालो,
आणि कानस उचलली.